जाणूनबुजून केलेले पाप आणि आपले तारण

ख्रिस्ती मनुष्य पाप करतो काय, असे सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर प्रत्येकाला आपापल्या घरातच मिळते. प्रत्येक मिस्साबलिदानाच्या आरंभी आपण सारे, वेदीजवळ उभ्या असलेल्या धर्मगुरूसह, आपल्या पापांची कबुली देतो. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. चूकभूल निराळी, मोहाच्या क्षणी तोल जाणे निराळे. परंतु ज्याचा स्नानसंस्कार झाला आहे, ज्याने सत्य ओळखले आहे, जो दर रविवारी प्रभूचे शरीर स्वीकारतो, असा मनुष्य समजून-उमजून, ठरवून पाप करतो तेव्हा काय होते? त्याचे तारण टिकते की जाते? की तो मुळात ख्रिस्ती नव्हताच, असे समजावयाचे?

प्रायश्चित्तकाळातील प्रवचनांनंतर हा प्रश्न वारंवार कानी येतो, आणि तो दोन अगदी भिन्न प्रकारच्या माणसांकडून येतो. पहिला भयग्रस्त असतो. दारू सोडण्याची शपथ त्याने चार वेळा घेतलेली असते आणि चारही वेळा मोडलेली असते. “फादर, चुकीचे आहे हे ठाऊक असूनही मी तेच करतो. मग माझ्यासाठी क्षमा उरली आहे काय?” असे तो खालच्या मानेने विचारतो. दुसरा निर्धास्त असतो. देव दयाळू आहे, कुमसार आहे, मग एवढी चिंता कशाला, असा त्याचा हिशेब असतो. पहिल्याला द्यावयाचे उत्तर दुसऱ्याला दिले तर तो अधिकच निर्ढावेल, आणि दुसऱ्याचे उत्तर पहिल्याला दिले तर तो निराशेच्या खाईत जाईल. म्हणून या विषयाकडे सावकाशीने पाहणे आवश्यक आहे.

नियमशास्त्र आणि दावीद राजा

जुन्या करारातील नियमशास्त्राने हा भेद फार पूर्वीच केला होता. गणना या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात नकळत घडलेल्या पापासाठी कोणते अर्पण करावे हे सविस्तर सांगितले आहे. परंतु जो ‘हात उंचावून’ पाप करतो, म्हणजे देवाची आज्ञा ठाऊक असूनही उघड अवज्ञा करतो, त्याच्यासाठी तेथे कोणतेच अर्पण सांगितलेले नाही. त्याला लोकांतून उच्छेदावे, असा कठोर दंडक आहे. पापात हात उंचावणे ही प्रतिमा मोठी अर्थपूर्ण आहे. अडखळून पडणाऱ्याचे हात आधार शोधण्यासाठी पुढे येतात. हात उंचावणारा पडत नसतो, तो आव्हान देत असतो.

या कसोटीवर दावीद राजाचे पाप कोठे बसते? बथशेबेकडे त्याची नजर गेली हा क्षणाचा मोह म्हणता येईल. परंतु त्यानंतर जे घडले त्यात क्षणिक असे काहीच नव्हते. तिच्या पतीला, उरीयाला, त्याने रणांगणावरून बोलावून घेतले, मेजवानी दिली, मद्य पाजले. तो डाव फसला तेव्हा त्याने सेनापती यवाबाला पत्र लिहिले की, उरीयाला घनघोर लढाईच्या तोंडी ठेवावे आणि मागे हटावे. आणि ते पत्र त्याने उरीयाच्याच हाती दिले. ज्या मनुष्याचा घात करावयाचा, त्याच्याच प्रामाणिकपणावर भरवसा ठेवून घाताचा कागद त्याच्याकरवी पाठविला. याहून अधिक विचारपूर्वक केलेले पाप शोधून सापडणे कठीण आहे.

नियमशास्त्रात या पापाला अर्पण नव्हते. तरीही नाथान संदेष्ट्याने एका कोकराची गोष्ट सांगून राजाचे डोळे उघडले, राजाने एका वाक्यात आपला अपराध कबूल केला, आणि त्याला क्षमा मिळाली. एक्कावन्नाव्या स्तोत्राशी परंपरेने दावीदाच्या याच प्रसंगाचे नाव जोडले आहे, आणि त्यात होमबलीऐवजी भग्न झालेले हृदय देवापुढे ठेवले आहे. जेथे अर्पणाची तरतूद संपली होती, तेथे देवाची दया संपलेली नव्हती. मात्र त्याच प्रसंगातील आणखी दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली ही की, क्षमा मिळाल्यावरही उरीया जिवंत झाला नाही, आणि दावीदाच्या घरातील तलवार पुढे कित्येक वर्षे म्यान झाली नाही. दुसरी ही की, नाथान येईपर्यंत दावीदाला आपण पापी आहोत असे वाटतच नव्हते. दुसऱ्याच्या कोकराची गोष्ट ऐकून त्याचा संताप अनावर झाला; स्वतःची गोष्ट मात्र त्याने ओळखली नाही. ठरवून केलेल्या पापाचे हेच वैशिष्ट्य आहे, आणि याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

नव्या कराराचे कठोर शब्द

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातील एक वचन अनेक भाविकांची झोप उडविते. सत्याचे ज्ञान मिळाल्यानंतर आपण बुद्धिपुरस्सर पाप करीत राहिलो तर पापांसाठी आणखी यज्ञ उरत नाही, असा त्याचा आशय आहे. ‘करीत राहिलो’ हे शब्द महत्त्वाचे, कारण मूळ ग्रीक भाषेतील क्रियापदाचे रूप एखाद्या कृतीपेक्षा चालू राहिलेल्या स्थितीकडे निर्देश करते. शिवाय त्याच्या आधीच्याच ओळीत लेखक सभेला येणे सोडून देणाऱ्यांबद्दल बोलत आहे. छळाच्या भीतीने ख्रिस्ताकडे पाठ फिरविणारे लोक त्याच्या डोळ्यांसमोर आहेत. त्याचे म्हणणे असे आहे की, ख्रिस्ताचे बलिदान एकमेव आहे. जो त्यालाच पायदळी तुडवितो, त्याने दुसरा यज्ञ कोठून आणावा? ज्याने एकुलते एक औषध ओतून टाकले, त्याला वैद्य दुसरे देऊ शकत नाही. कारण दुसरे नाहीच. परंतु जो तेच औषध पुन्हा मागावयास येतो त्याला ते नाकारावे, असे हे वचन म्हणत नाही.

संत योहानाच्या पहिल्या पत्रातही असाच पेच वाटतो. प्रारंभी तो म्हणतो की, आपल्या ठायी पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवितो. तिसऱ्या अध्यायात तो सांगतो की, देवापासून जन्मलेला पाप करीत नाही. आणि शेवटी तो मरणास कारण होणारे पाप आणि तसे नसणारे पाप, असा फरक करतो. एकच लेखक इतक्या थोड्या पानांत स्वतःला खोडून काढील असे मानण्याचे कारण नाही. ख्रिस्ती मनुष्य पापात पडतो, परंतु पाप हे त्याचे घर होऊ शकत नाही. तो तेथे बिऱ्हाड करून राहू लागला तर त्याच्यातील देवाचे जीवन विझते. देवमातेची ख्रिस्तसभा प्राणघातक पाप आणि क्षुल्लक पाप असा जो भेद शिकविते, त्याची मुळे येथे आहेत.

कार्थेजचा धडा

या प्रश्नाने ख्रिस्तसभेला एकदा मुळापासून हादरविले होते. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसच्या हुकुमानुसार साम्राज्यातील रहिवाशांना देवतांना यज्ञ करून तसा दाखला घेणे भाग पडले. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांत असे अनेक दाखले आजही पाहावयास मिळतात. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी छळ सोसला, काहींनी प्राण दिले. परंतु उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीचे महागुरू संत सिप्रियन यांनी २५१ च्या सुमारास जे लिहिले ते वाचून मन विषण्ण होते. कोणी पकडावयास येण्यापूर्वीच काही जण स्वतःहून यज्ञवेदीकडे धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकाऱ्यांनी उद्या या म्हटले, तर आजच उरकून घ्या अशी त्यांनी विनवणी केली. आणखी काहींनी यज्ञ केला नाही, पण पैसे चारून दाखला तेवढा मिळविला. वेदीला हात लागला नाही म्हणून आपले हात स्वच्छ राहिले, असे त्यांना वाटत होते.

छळ ओसरल्यावर हे लोक परत आले आणि दाराशी उभे राहिले. आता काय करावयाचे? रोम येथील नोव्हेशियन नावाच्या धर्मगुरूने आणि त्याच्या पंथाने उत्तर दिले की, श्रद्धेचा असा त्याग करणाऱ्याला पुन्हा ख्रिस्तसभेत घेता येणार नाही. देव काय करील ते देव जाणे. दुसऱ्या टोकाला कार्थेजमधील काही जण होते. तुरुंगवास भोगलेल्या धीरोदात्त ख्रिस्ती बांधवांकडून शिफारसपत्रे आणावीत आणि कोणतेही प्रायश्चित्त न करता लगेच प्रभुभोजनास बसावे, असा त्यांचा आग्रह होता. सिप्रियन यांनी दोन्ही मार्ग नाकारले. त्यांच्या मते दार बंद करणे हा निर्दयपणा होता, आणि जखम न धुता वरून पट्टी बांधणे हीही दया नव्हती. २५१ मध्ये कार्थेज येथे भरलेल्या धर्मसभेने प्रत्येकाच्या कृतीचा वेगवेगळा विचार केला. भीतीने दाखला विकत घेणारा आणि उत्साहाने यज्ञ करणारा यांना एकाच मापाने मोजले नाही. पुढे नव्या छळाचे सावट दिसताच, प्रायश्चित्त करीत राहिलेल्या सर्वांनाच ख्रिस्तसभेने पोटाशी घेतले. स्वतः सिप्रियन यांनी २५८ मध्ये रक्तसाक्ष्य दिले. नोव्हेशियनच्या पंथातून जे कॅथलिक ख्रिस्तसभेत येऊ इच्छीत, त्यांनी पतन पावून परत आलेल्यांशी सहभागिता राखलीच पाहिजे, असे ३२५ मध्ये निसियाच्या महासभेने ठरविले.

या इतिहासातून आपला एक मुद्दा पक्का होतो. स्नानसंस्कारानंतर जाणूनबुजून केलेले पापही, ते कितीही घोर असो, क्षमेच्या पलीकडचे नाही. मात्र ती क्षमा केवळ शिफारशीने किंवा कागदाने मिळत नाही. त्यासाठी मनुष्याला स्वतः वळावे लागते.

आपल्या अंगणातले पाप

कार्थेज फार दूर आहे, आणि यज्ञवेदीवर धूप जाळण्याची सक्ती आज आपल्यावर कोणी करीत नाही. मग ठरवून केलेले पाप आपल्याकडे कोठे आढळते?

रागाच्या भरात भाऊ भावाला शिवी देतो, ते एका क्षणाचे काम असते. परंतु सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव उतरविणे हे क्षणाचे काम नाही. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती मुलाचा आणि मुलीचा वाटा समान आहे, हे ज्याला ठाऊक असते तोच हक्कसोडपत्र तयार करवून घेतो. त्यासाठी वकील गाठावा लागतो, मुद्रांक आणावा लागतो, साक्षीदार जमवावे लागतात. बहिणीला घरी बोलावून गोडधोड करावे लागते आणि “कचेरीतले साधे काम आहे, येथे सही कर” असे सांगावे लागते. ती भावाच्या शब्दावर विश्वास ठेवते आणि न वाचता सही करते. उरीयाही पत्र उघडून न पाहता ते घेऊन निघाला होता. या साऱ्या व्यवहाराला कित्येक महिने लागतात, आणि त्यातील प्रत्येक दिवशी थांबता येत असते. पूर्ण संमती म्हणजे काय, हे याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

अशा मनुष्याने नंतर कुमसार केले तर तो काय सांगतो? सायंप्रार्थना चुकली, मुलांवर ओरडलो, शुक्रवारी मांस खाल्ले. हक्कसोडपत्राचा उल्लेख येत नाही. तो लपवितो असेही नेहमी नसते. त्याने त्या गोष्टीचे नावच बदललेले असते. तिला तो पाप म्हणत नाही, व्यवहार म्हणतो. बहिणीच्या लग्नात खर्च झाला होता, आईला मीच सांभाळले, जमीन घराण्यातच राहिली पाहिजे, अशी कारणे रचून त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीकडूनही हक्कसोडपत्र लिहून घेतलेले असते. दावीदाला कोकराची गोष्ट ऐकून राग आला, तसा यालाही वर्तमानपत्रातील भ्रष्टाचार वाचून राग येतो. येथे खरा धोका आहे. दुर्बलतेने केलेले पाप मनुष्याला टोचत राहते आणि ती टोचणीच त्याला देवाकडे ढकलते. ठरवून केलेल्या पापाला मात्र मनुष्य आधीच योग्य ठरवून ठेवतो. म्हणून त्याची टोचणी लागत नाही, आणि टोचणी नाही म्हणून पश्चात्तापाची वाट सापडत नाही.

भयग्रस्त मनुष्यासाठी

आता तो पहिला प्रश्नकर्ता, चार वेळा शपथ मोडलेला, त्याच्याकडे वळू या. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम सांगतो की, पाप प्राणघातक ठरण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: विषय गंभीर असावा, त्याचे पूर्ण ज्ञान असावे, आणि मनाची पूर्ण संमती असावी. तोच ग्रंथ हेही सांगतो की, भीती, सवय, विकारांचा आवेग, मनाचा आजार यांमुळे जबाबदारी कमी होऊ शकते. व्यसनात रुतलेल्या मनुष्याला ज्ञान असते, पण त्याची इच्छाशक्ती अर्धी बांधलेली असते. संत पौलही रोमकरांस लिहिताना, जे करू नये असे वाटते तेच हातून घडते, अशी व्यथा मांडतो. तो हात उंचावलेला नव्हता.

म्हणून अशा मनुष्याने दोन गोष्टी कराव्यात. पाचव्यांदा शपथ घेण्यास लाजू नये, आणि केवळ शपथेवर विसंबूही नये. उपचार घ्यावेत, व्यसनमुक्तीच्या सभांना जावे, पगार पत्नीच्या हाती द्यावा, ज्या वाटेवर गुत्ता आहे ती वाट बदलावी. जो आपल्या दुर्बलतेविरुद्ध इतकी व्यवस्था करतो, त्याची इच्छा कोठे आहे हे देवाला दिसते. तो पडतो तेव्हाही त्याचे तोंड घराकडे असते.

निर्धास्त मनुष्यासाठी

दुसऱ्याची गोष्ट निराळी. आधी पाप करू, मग कुमसार करू, असे म्हणणारा मनुष्य क्षमेलाच पापाच्या अंदाजपत्रकात खर्चाची एक बाब म्हणून मांडतो. हा हिशेबही जुनाच आहे. चौथ्या शतकात स्नानसंस्काराने सर्व पापे धुतली जातात म्हणून तो मरणाच्या वेळेपर्यंत लांबणीवर टाकण्याची चाल पुष्कळांत होती. सम्राट कॉन्स्टंटाईनचा स्नानसंस्कार ३३७ मध्ये तो मृत्युशय्येवर असताना झाला. कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, हा प्रश्न तर संत पौलानेच विचारून धिक्कारला होता. ख्रिस्तसभा या वृत्तीला दयेचा गैरभरवसा म्हणते, आणि निराशेप्रमाणेच तीही आशेविरुद्धचे पाप मानते.

येथे एक साधा विचार करावा. १५५१ मध्ये ट्रेंटच्या महासभेने पश्चात्तापाची जी व्याख्या केली, तिच्यात केलेल्या पापाबद्दल दुःख, त्या पापाचा तिटकारा आणि पुन्हा पाप न करण्याचा निश्चय या गोष्टी येतात. जो पाप करतानाच नंतरच्या पश्चात्तापाची योजना आखतो, तो नेमक्या कोणत्या दुःखाची योजना आखत असतो? ठरविल्या वेळी डोळ्यांत पाणी आणता येईल. तिटकारा आणता येत नाही, कारण तो मनात त्याच क्षणी असता तर पाप घडलेच नसते. देव नंतर क्षमा करील की नाही, ही शंका नाही. आपल्याला नंतर क्षमा मागावीशी वाटेल की नाही, ही शंका आहे. मन हे रोज थोडे थोडे घडत जाते. आज जे ओठ “नंतर पाहू” म्हणतात, त्यांना उद्या दुसरे काही म्हणण्याची सवय उरत नाही.

आणखी एक गोष्ट. घेतलेले परत केले नाही, तर पाप सोडले असे म्हणता येत नाही; परत देणे शक्य असूनही न देणारा पश्चात्तापाचे सोंग करतो, असे संत ऑगस्टीन यांनी एका पत्रात स्पष्ट बजावले आहे. जक्कयाने प्रभूला घरी घेतले तेव्हा तो नुसता रडला नाही. चौपट परत करण्याचे बोलला. बहिणीचा वाटा तिला दिल्याविना त्या कागदाचे कुमसार पुरे होत नाही. जमीन विकली गेली असेल तर तिचे मोल द्यावे. एकदम देणे शक्य नसेल तर हप्त्याने द्यावे. पण द्यावे.

तारण म्हणजे काय?

एकदा ख्रिस्ताचा स्वीकार केला की तारण कायमचे पक्के झाले, ते कशानेही जात नाही, असे काही ख्रिस्ती बंधू मानतात, आणि आपल्यातील तरुण त्यांच्या प्रार्थनासभांतून ते ऐकून येतात. देवाच्या विश्वासूपणावरील त्यांची निष्ठा आदरणीय आहे. परंतु ट्रेंटच्या महासभेने १५४७ मध्ये शिकविले की, प्राणघातक पापाने मनुष्य कृपेस मुकतो, जरी त्याची श्रद्धा उरली तरीही. ही शिकवण समजून घेण्यासाठी तारणाकडे पावती म्हणून पाहणे सोडले पाहिजे. तारण हे नाते आहे. उधळ्या पुत्राचे पुत्रपण बापाने कधी काढून घेतले नाही. पण दूर देशी डुकरे चारताना त्या पुत्रपणाचा त्याला काय उपयोग होता? बापाचे घर उभे होते, दार उघडे होते, आणि तरीही तो उपाशी मरत होता. देव आपल्याला घराबाहेर काढीत नाही. आपण निघून जाऊ शकतो, आणि आपल्या जाण्याला तो खरे मानतो, कारण आपल्या प्रेमालाही तो खरे मानतो.

प्रभूच्या दुःखसहनाच्या रात्री दोन शिष्यांनी त्याचा विश्वासघात केला. पेत्राने आयत्या वेळी भीतीने नाकारले. यहुदाने आधी रक्कम ठरवून सौदा केला. तरीही मत्तयचे शुभवर्तमान सांगते की, यहुदालाही पस्तावा झाला. त्याने आपला अपराध बोलून दाखविला आणि तीस नाणीही परत केली. कबुली होती, परतफेड होती. उणीव एकच होती. तो आपला पस्तावा घेऊन मुख्य याजकांकडे गेला, ज्यांना त्याच्याशी काही कर्तव्य नव्हते. येशूकडे गेला नाही. पेत्र रडला, आणि शिष्यांमध्येच राहिला. म्हणून पुनरुत्थित प्रभूने विचारले तेव्हा उत्तर द्यावयास तो तेथे होता. ख्रिस्तसभेने अनेकांना संत म्हणून घोषित केले आहे. परंतु अमुक एक मनुष्य नरकात आहे असे तिने कोणाही विषयी, यहुदाविषयीही, आजवर अधिकृतपणे घोषित केलेले नाही.

तेव्हा, वाचकहो, ख्रिस्ती मनुष्य जाणूनबुजून पाप करतो काय? होय, करतो. त्याने तारण धोक्यात येते काय? होय, खरोखरच येते. त्याला परत येता येते काय? होय, श्वास आहे तोवर येता येते. मात्र परत येण्यासाठी प्रथम आपण दूर गेलो आहोत हे ओळखावे लागते. म्हणून येत्या कुमसारापूर्वी नेहमीची यादी म्हणण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे: ज्या गोष्टीला मी पाप म्हणतच नाही, जिला मी व्यवहार, रीत, नाइलाज किंवा घराण्याची अब्रू असे नाव दिले आहे, अशी एखादी गोष्ट माझ्या कपाटातील कागदांत आहे काय? असेल, तर तिच्यापासून सुरुवात करावी; आणि कुमसाराच्या आसनाकडे येण्यापूर्वी, शक्य असेल तर, बहिणीच्या घरी जाऊन यावे.